पांढऱ्या माडीच्या दोन सावल्या

कारंज्याच्या जुन्या बाजारात पांढरी माडी नावाची एक इमारत होती, आणि ती खरोखर पांढरी असल्याचं जिवंत माणसांपैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं. चुन्याचा गिलावा कधीच काळवंडला होता, नाव तेवढं टिकलं होतं. कापसाचा व्यापार भरात असताना कुणा पेढीवाल्यानं ती बांधली. खाली काळ्या दगडाचं कमरेइतकं जोतं, वर सागवानी खांब, खांबांच्या माथ्यावर कोरलेले पोपट आणि त्याही वर दोन मजले. बाजाराचा रस्ता माडीपाशी येऊन दुभंगायचा. एक गल्ली पश्चिमेकडून जायची, एक पूर्वेकडून, आणि माडीच्या पाठीमागं दोन्ही पुन्हा एक व्हायच्या. पेढीवाल्यांची नातवंडं नागपूर-पुण्याला गेली, माडीला कुलूप लागलं, पण सावलीला कोण कुलूप लावणार? सकाळी ती पश्चिमेच्या गल्लीत पडायची आणि दुपारी पूर्वेच्या गल्लीत. त्या सावलीत बसून बावीस बाया भाजी विकायच्या.

तुळसाबाई त्यांच्यातली एक. वेशीबाहेर तिच्या सासरचा दीड एकराचा मळा होता, घरही त्यातच. त्यात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, हंगामात वांगी आणि ढेमसं व्हायची. लग्न होऊन आली त्या सालच्या दिवाळीनंतर सासूनं तिच्या डोक्यावर टोपलं दिलं, तिला माडीपाशी आणलं आणि पश्चिमेच्या गल्लीतली, तिसऱ्या खांबासमोरची चार हात जागा दाखवली.

"ही आपली. सकाळची," सासू म्हणाली.

"मंग दुपारी?"

"दुपारी आपन पाव्हन्या."

नव्या सुनेला काही उमगलं नाही. मग दिवसभर बसल्यावर उमगलं. माडीच्या दोन्ही अंगांना मिळून बावीस जागा होत्या, अकरा इकडं आणि अकरा तिकडं. पण सावली एका वेळी एकीकडंच असायची, म्हणून बायांनी जोड्या लावल्या होत्या. पश्चिमेची एक, पूर्वेची एक. सकाळी दोघींनी पश्चिमेवालीच्या जागेत बसायचं, दुपारी दोघींनी पूर्वेवालीच्या. ज्या वेळी जिची जागा, त्या वेळी ती घरधनीण. पोतं तिनंच अंथरायचं, पहिली भवानी तिचीच व्हायची, आणि पाहुणीनं 'ये, बस' असं म्हटल्याशिवाय टेकायचं नाही. म्हणजे दिवसातून एकदा प्रत्येकीनं मालकीण व्हायचं आणि एकदा पाहुणी. हा कायदा कोणी केला, कधी केला, ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तो मोडावा असंही कधी कोणाच्या मनात आलं नाही. भांडणं व्हायची ती उन्हावरून नाही, गिऱ्हाइकावरून. ती मात्र अशी व्हायची की सराफ्यातले लोक दुकानं सोडून पाहायला यायचे.

तुळसाबाईची जोडीदारीण होती सोजरबाई. मूळची धनजची, कारंज्यात दिलेली. तिला ना मळा ना वावर. पहाटे हर्राशीच्या लिलावातून कांदे, मिरच्या आणि भेदरं, म्हणजे टोमॅटो, उचलायची आणि टोपल्यात मांडायची. तोंडानं फटकळ. तुळसाबाईची मेथी उरली की म्हणायची, "तुह्या मेथीले तुह्यासारखंच झालं वं, कोनी उचलून नेईना." तुळसाबाईही काही कमी नव्हती. सोजरबाईच्या मिरच्यांपेक्षा तिची जीभ तिखट आहे, असं ती गिऱ्हाइकाला सांगायची आणि मिरच्या खपवून द्यायची. दोघींची जात वेगळी, घरं गावाच्या दोन टोकांना, एकमेकींच्या लग्नाकार्याला जाणं आहेराच्या लुगड्यापुरतं. पण आयुष्याचे सगळे दिवस त्यांनी चार हातांच्या जागेत मांडीला मांडी लावून काढले होते.

तुळसाबाईचा नवरा जगदेव गेला तेव्हाची गोष्ट बाजारात अजून सांगतात. तेरा दिवस तुळसाबाई घराबाहेर पडली नाही. तेरा दिवस सोजरबाईनं सकाळी येऊन तुळसाबाईच्या जागेवर पोतं अंथरलं, ते मोकळं ठेवलं आणि आपण बाजूला कोपऱ्यात पाहुणीसारखी अंग चोरून बसली. एका नव्या फळवाल्यानं त्या मोकळ्या पोत्यावर केळांची पाटी टेकवली, तर तिनं पाटी उचलून थेट रस्त्यावर ठेवली. "घरधनीन येनार हाय," म्हणाली.

बाजार तर बदलतच होता. तुळसाबाईच्या डोळ्यांदेखत पश्चिमेच्या गल्लीतल्या कापसाच्या पेढ्या एकेक करून गेल्या. कुठं मोबाईलचं दुकान आलं, कुठं काचेचं दार लावलेलं एटीएम. अत्तरवाल्याच्या लाकडी सज्जाखाली पत्र्याचं शटर बसलं, मग सज्जाही गेला. जुन्या घरांच्या कोरीव चौकटी कोणीतरी विकत घेऊन जायचं, त्या म्हणे शहरातल्या हॉटेलांत लावतात. तुळसाबाईला याचं फार दुःख झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. तिला पेढ्यांशी देणंघेणं नव्हतं, पेढीवाल्यांनी तिला कधी प्यायला पाणीही विचारलं नव्हतं. नवीन दुकानांत येणारी पोरंसोरं भाजीही घ्यायची. माडी उभी होती तोवर तिचं सगळं जागच्या जागी होतं.

मग एका माघात कळलं की रस्ता रुंद होणार. माडी पाडून दोन्ही गल्ल्यांचा मिळून एक सरळ रस्ता करायचा आणि भाजीवाल्यांना जुन्या बैलबाजाराच्या मागं नवी मंडई बांधून द्यायची. सिमेंटचे ओटे, वर पत्रे, नळ. ज्याची जुनी जागा, त्याला ओटा. हे ऐकून बाया खूश झाल्या, आणि का होऊ नयेत? पावसाळ्यात गुडघाभर चिखलात बसणाऱ्याला जुन्याचं कौतुक कोणी सांगू नये.

कोण कुठं बसतं याची नोंद करायला एका संस्थेचा लखन नावाचा माणूस आला. हातात मोबाईल, गळ्यात ओळखपत्र, बोलायला नम्र. सकाळचे साडेदहा झाले होते, बावीस जणी पश्चिमेच्या सावलीत होत्या. तो तिसऱ्या खांबासमोर आला.

"ही जागा कोणाची?"

"माही," तुळसाबाई म्हणाली.

"आणि मावशी तुम्ही?"

सोजरबाई मिरच्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ही तिचीच हाय बापा. माही तिकडं हाय, माडीच्या पल्याड."

"तिकडचं उद्या करतो," असं म्हणून लखननं तुळसाबाईचा फोटो काढला. सोजरबाईला जरा बाजूला सरकायला सांगितलं, म्हणजे फोटोत एकच बाई यावी. ती सरकली. अकराही जोड्यांत हेच झालं. अकरा बायांनी 'ही माझी नाही' असं आपल्या तोंडानं सांगितलं. त्यात कोणाचीही लबाडी नव्हती, कारण सकाळी साडेदहा वाजता ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी लखन आला, दहालाच आला. बोलल्याप्रमाणे पूर्वेच्या गल्लीत गेला. तिथं लख्ख ऊन होतं आणि चिटपाखरू नव्हतं. त्यानं रिकाम्या गल्लीचा फोटो काढला, 'विक्रेते नाहीत' असं लिहिलं आणि निघून गेला. माडीच्या अलीकडं बसलेल्या बावीस जणींना तो येऊन गेल्याचं कळलंसुद्धा नाही.

यादी लागली तेव्हा कळलं. अकरा नावं होती. तुळसाबाई जगदेव हे नाव सातव्या क्रमांकावर होतं. सोजरबाई हे नाव कुठंच नव्हतं.

वगळलेल्या बायांनी कचेरीत जाऊन आरडाओरड केली. 'पुरावा आणा' असं उत्तर मिळालं. बाजाराची पावती फाडणारा माणूसही सकाळीच यायचा आणि एका जागेची एकच पावती द्यायचा, म्हणजे पावत्या सगळ्या पश्चिमेवालीच्या. सराफ्यातल्या दुकानदारांना दारासमोरची पूर्वेची गल्ली मोकळी हवी होती, त्यांच्यातला एकही सही द्यायला पुढं आला नाही. हाजीर तो वजीर म्हणतात ते हेच. दोन जोड्या सासू-सुनेच्या होत्या, त्यांचं निभावलं. बाकीच्यांपैकी कोणी भांडून तोंड फिरवलं, कोणी नशिबाला बोल लावून हातगाडीच्या शोधाला लागल्या.

आणि तुळसाबाई? इथं तिची बाजू घेऊन गोड बोलण्यात अर्थ नाही. ती गप्प बसली. रात्री अंथरुणावर पडली की 'सातवा क्रमांक' हे शब्द तिला आठवायचे आणि बरं वाटायचं. घरी सून साधना हिशेबाची नाही पण स्वप्नांची पक्की होती. "आत्याबाई, तुमचे गुडघे थकले. ओटा भेटला का मी बसत जाईन. वजनकाटा इलेक्ट्रिकचा घेऊ," ती म्हणायची. मुलगा पवन बोलायचा कमी, पण त्यानंही मळ्यात भेदऱ्याचे दोन वाफे वाढवले. घरात बऱ्याच दिवसांनी कोणी पुढचं बोलत होतं. सोजरबाईचं नाव मात्र घरात कोणी काढत नव्हतं.

सोजरबाईनंही तिच्यापुढं ओट्याचं नाव काढलं नाही. तुळसाबाईला जाळत होतं ते हेच. एरवी कोथिंबिरीच्या काडीवरून बाजार डोक्यावर घेणारी बाई, आता सकाळी यायची, 'ये, बस' म्हटलं की बसायची, मिरच्या निवडायची. एकदाही म्हणाली नाही की तुळसे, माझं काय?

फाल्गुनातल्या एका दुपारी दीडच्या सुमारास सावली पूर्वेला उतरली. बाया टोपली उचलून पलीकडं गेल्या. सोजरबाईनं आपल्या जागेवरचा कचरा हातानं लोटला, पोतं झटकलं, अंथरलं, त्याची सुरकुती काढली. सावलीचा थंड भाग मागच्या बाजूला होता, तो मोकळा ठेवून ती पुढं उन्हाच्या कडेला सरकली आणि म्हणाली, "ये, बस."

तुळसाबाई टोपलं घेऊन उभीच राहिली. यादीत नसलेल्या बाईनं, कागदावर नसलेल्या जागेत, तिला बसायला सांगितलं होतं. तिला लाज वाटली, स्वतःची अशी लाज की तोंड कुठं लपवावं कळेना.

"काहून उभी हायस?" सोजरबाई म्हणाली. "ऊन लागून राह्यलं न तुले."

तुळसाबाई बसली. पण त्या दुपारी तिनं एकही जुडी विकली नाही. गिऱ्हाईक आलं की सोजरबाईचं टोपलं पुढं सरकवायची.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कचेरीत गेली. हरकतींच्या टेबलावर पल्लवी नावाची तरुण मुलगी होती. तुळसाबाईनं जोडीचा सगळा रिवाज तिला सांगितला, सकाळ कोणाची, दुपार कोणाची, पोतं कोण अंथरतं. पल्लवीनं तो मन लावून ऐकला. मग म्हणाली, "आजी, मला पटतंय हो. पण एका जागेला एकच नाव लागतं. दोन लिहिता येत नाहीत. ओट्यावर दुसरं कोणी बसलेलं सापडलं तर ओटाच रद्द होतो."

"मंग तिचं लिवा. माहं राहू द्या."

"तसं देता येत नाही. तुमची जागा तुम्ही दुसरीला देऊ शकत नाही. जागा पहिल्यापासून तिचीच होती, चुकून तुमचं नाव लागलं, असं तुम्ही लिहून दिलं तरच नाव बदलतं. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. घरी विचारून या."

तुळसाबाई घरी आली. विचारलं नाही, सांगितलं. साधना चुलीपुढून उठली. "म्हंजे आमी काहीच नाही का तुमची?" तिनं विचारलं आणि आत गेली. तिचं चुकलं असं कोण म्हणेल? पवननं हातातला विळा बाजूला ठेवला.

"माय, आपलं पोट मळ्यावर हाय," तो म्हणाला, "पन तुही जागा गेली का तू काय करशील?"

"सोजरले मळा नाही," तुळसाबाई म्हणाली.

शुक्रवारी पल्लवीनं टाईप केलेलं वाचून दाखवलं: 'मी, तुळसाबाई जगदेव, असे लिहून देते की मी सोजरबाई यांच्या जागेत त्यांच्या परवानगीने बसत होते. सदर जागेवर माझा कोणताही हक्क नव्हता व नाही.'

"पह्यलं बरोबर हाय," तुळसाबाई म्हणाली. "दुसरं कायले टाकलं?"

"ते टाकावंच लागतं, आजी. त्याच्याशिवाय अर्ज धरत नाहीत."

दुपारी तुळसाबाईचा हक्क नव्हता, हे खरंच होतं. चाळीसहून जास्त वर्षं दुपारी ती पाहुणीच होती. "किती वाजता, ते कुठी लिवता येत नाही का?" तिनं विचारलं.

पल्लवीनं मान हलवली. वेळेचा रकाना नव्हता.

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही तिनं सावकाश केली. काना-मात्रा काही सोडलं नाही.

चैत्रात माडी पाडली. तीन दिवस लागले. जेसीबीनं आधी वरचा मजला ओढला, जुन्या चुन्याची भुकटी सराफ्यापर्यंत उडाली. खांब मात्र हातानं काढले, कारण त्यांना गिऱ्हाईक ठरलं होतं. पोपटांवर पोती गुंडाळून ते ट्रकमध्ये भरले. बघायला गर्दी जमली, पोरांनी मोबाईलवर चित्रण केलं. तुळसाबाई पहिल्या दिवशी गेली, पुढचे दोन दिवस गेली नाही. चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता पश्चिमेच्या गल्लीत ऊन आलं. ती गल्ली आता गल्ली राहिलीच नव्हती. महिन्याभरात डांबर पडलं. रस्ता खरोखर चांगला झाला, मालेगावची बस आता सरळ आतून जाते.

सोजरबाईला कचेरीतून निरोप गेला की चूक दुरुस्त झाली, ओटा क्रमांक सात तुमचा. तिला वाटलं, आपल्या आरडाओरडीचा गुण आला. तुळसाबाईला आठवा किंवा नववा मिळाला असेल असंच ती धरून चालली होती. मंडई सुरू झाली, आठवडा गेला, तुळसाबाई काही दिसेना. गुडघे दुखत असतील, असं तिला वाटलं. मग तिच्या ओट्याची कागदपत्रं आली. तिची नात निकिता दहावीला होती, तिनं ती वाचायला घेतली आणि शेवटच्या पानावर, तुळसाबाईच्या सहीपाशी अडली.

त्याच संध्याकाळी सोजरबाई निकिताला घेऊन वेशीबाहेर आली. इतक्या वर्षांत ती या मळ्यात दोनदाच आली होती, जगदेवच्या तेराव्याला आणि पवनच्या लग्नाला. तुळसाबाई अंगणात सांबाराच्या जुड्या बांधत होती. त्या आता सकाळी पवन हर्राशीत नेऊन टाकायचा.

"वाच वं निकिता," सोजरबाई उभ्या उभ्या म्हणाली. निकितानं वाचलं.

"म्या तुले परवानगी देल्ती? एवढी वर्सं तू माह्या परवानगीनं बसली?"

"दुपारची बसलीच न," तुळसाबाई म्हणाली. "खोटं काय हाय त्याच्यात?"

"आन् सकाळी? सकाळी मी कोनाच्या परवानगीनं बसत होती? तिसऱ्या खांबासमोरची जागा कोनाची होती?"

"माही."

"मंग ते कोठी लिवलं हाय?"

तुळसाबाईनं जुडी खाली ठेवली. यादीतून नाव गेलं होतं. खांब ट्रकमधून गेले होते. चार हात जागेवरून आता बस जात होती. ती जागा दाखवणारी सासू नव्हती, आणि तिथून घरी नेलेल्या भाजीवर जेवलेल्या माणसांना ती कोणी विकली हे कशाला आठवेल?

"कोठीच नाही," ती म्हणाली. सोजरबाईला शांत करावं म्हणून सहज म्हणायला गेली होती, पण बोलली तेव्हा ते पहिल्यांदा तिचं तिलाच ऐकू आलं. ओसरीवर साधना दाराशी येऊन उभी होती.

सोजरबाई खाली बसली. अंगणात, मातीत, तुळसाबाईला लागून. तिनं तिचा ओला, हिरव्या डागांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"मले ठाव हाय," ती म्हणाली. "मी हाय तवर मले ठाव हाय."